हॅकेथॉनचा चेक, कांद्याची चाळ आणि 'नोकरी देणारी' पोरं

भोसरीकर
परवा इथे एका प्राध्यापकांची पोस्ट वाचली. त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ३६ तासांची हॅकेथॉन (सलग बसून कल्पनेचं मॉडेल बनवायची स्पर्धा) झाली, बारा टीम, म्हणून बारा 'स्टार्टअप'. खाली दाराएवढ्या चेकसोबत फोटो. शेवटी ते नेहमीचं वाक्य: आमची मुले नोकरी मागणारी नव्हे, देणारी होतील. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), एक म्हातारी लेथ, अकरा माणसं. शेवटच्या वर्षाची पोरं अधूनमधून येतात. मागच्या वर्षी एक हॅकेथॉन-विजेता आला. ब्रॅकेटचं थ्री-डी मॉडेल झकास, पण एक बोल्ट अशा कोपऱ्यात की तिथे पाना फिरणार कुठून, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी बोललो नाही. पार्ट करून दिला आणि तेराचा पाना हातात ठेवला. दहा मिनिटं झटला, बोटाचं साल गेलं, मग स्वतःच हसला. आता तो आधी पाना कुठे बसेल ते बघतो, मग बोल्टची जागा ठरवतो.

धंद्याचंही तेच. नात्यातला नाही, ओळखीचा नाही, असा एक माणूस खिशातून शंभर रुपये काढून देतो का, एवढं पोरांना बघू द्या. पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या त्या स्लाइड्स, घाला चुलीत.

खडू_फळा
ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुमच्याकडे अकरा माणसं, माझ्या विभागात २४० पोरं. कुठे पाठवू? दरवर्षी तीस-चाळीस कंपन्यांना पत्रं जातात, उत्तरं येतात तीन. त्यातली एक म्हणते, सर्टिफिकेट देतो, पोराला पाठवू नका. फोटो मी हौसेनं काढत नाही. २०१८ पासून कॉलेजाकॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल आहे, प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल फोटोसकट सरकारी पोर्टलवर चढवावा लागतो. आणि त्या ३६ तासांत वाशीमचा एक पोरगा, जो तीन वर्षं वर्गात तोंड उघडत नव्हता, माईक घेऊन सात मिनिटं बोलला. ते चुलीत घालायचं असेल तर घाला.

तिसरं_वर्ष_मेक
काका, सर, दोघांचंही पटतंय आणि दोघांचाही राग येतोय.

आम्ही दोघींनी हॅकेथॉनमध्ये कांदा साठवायच्या चाळीसाठी सेन्सर केला. आतलं तापमान, दमटपणा, सडण्याचा वास, सगळं मोबाइलवर. दुसरं बक्षीस. मे महिन्यात निफाडला मामाच्या चाळीत लावला. ऑगस्टमध्ये मेसेज आला: मधल्या भागात कांदा सडतोय. मामानं मोबाइल बघितला, चाळ बघितली आणि म्हणाला, "कळलं. आता तो काढू कसा? वरचा सगळा उपसायचा, निवडायचा, पुन्हा भरायचा. मजुरी तुझं यंत्र देणार का?" पाच परीक्षकांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं.

पण हॅकेथॉन नसती तर मी सेन्सर घेऊन चाळीत कशाला गेले असते, हेही खरं. आणि पुढचं मॉडेल करायचं तर वर्कशॉपला पाच वाजता कुलूप, लेक्चर साडेचारपर्यंत. अर्ध्या तासात काय, चहा?

असो. आमचं पेटंट 'पब्लिश' झालंय. सहा नावं: आम्ही दोघी आणि चार सर. त्यातल्या एका सरांना मी अजून पाहिलेलं नाही.

फॉर्म_नऊ
अवांतर आहे, पण राहवत नाही. पब्लिश झालं म्हणजे मिळालं नव्हे! फॉर्म ९ भरला की साधारण महिन्याभरात अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो, नाही भरला तर १८ महिन्यांनी येतोच. तपासणीची विनंती वेगळी, तिची फी वेगळी. बहुतेक कॉलेजं तिथवर जातच नाहीत, कारण फ्लेक्स 'पब्लिश्ड'वरच छापून होतो. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीत ८० टक्के सवलत मिळाली आणि हा पूर ओसंडला.

आणि ताई, हॅकेथॉन यूट्यूबवर लाइव्ह होती का? अर्ज त्यानंतर केला? मग पेटंटला लागणारं नावीन्य तिथेच गेलं, अर्जाआधीच सगळ्यांना दाखवून झालं. सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन असेल तर बारा महिन्यांची मुभा असते, कॉलेजच्या हॉलला नाही.

तिसरं_वर्ष_मेक
लाइव्ह होती. अर्ज चार महिन्यांनी.

खडू_फळा
फॉर्म_नऊ, तुम्ही पदोन्नतीच्या रांगेत उभे राहिला आहात का कधी? पेटंटला गुण आहेत, पोराला लेथ शिकवण्याला शून्य. नियम आम्ही केले नाहीत. उठसूट मास्तरालाच चोर ठरवायचं असेल तर हा धागा लखलाभ.

फॉर्म_नऊ
चोर म्हटलं नाही. पण न केलेल्या कामावर नाव घालणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सुचवा. पुण्यात 'डिझाइन पेटंट'मध्ये नाव टाकून देण्याचे दर व्हॉट्सॲपवर फिरतात, मला स्वतःला आलेत: पहिलं नाव महाग, सहावं स्वस्त. आपल्याकडे डिझाइनची फक्त नोंदणी होते, तीही दिसण्यापुरती. आत यंत्र चालतं का, हे तिथे कोणी बघतच नाही.

उद्योग_जागर
मूळ दुखणं वेगळंच आहे. मराठी माणसाला धंदा नकोच! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. बढती डावलली, नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलचं दुकान काढलं. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. आजचा मास्तर बढती हुकली की संघटनेत जातो.

भोसरीकर
जागरराव, प्रत्येक धाग्यावर किर्लोस्कर आणता, आज निदान कामाचं आणलंत. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडानं जमीन नासते म्हणायचे शेतकरी. तो नकार लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला. परीक्षकानं नऊ गुण देऊन नव्हे.

शिवाजीनगर
धंदा, धंदा काय लावलंय? पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. जेमतेम किलोभर वजन. आठेक वर्षं चाललेलं काम, एक बॅच दुसरीच्या हाती देत गेली. अर्ध्या पोरांनी सुरू केलं ते उडताना नोकरीच्या गावी बसून पाहिलं. रुपयाही कमावला नाही. याला अनुभव म्हणणार की नाही?

भोसरीकर
म्हणणार. माझा शंभर रुपयांचा नियम तिथे लागू होत नाही, मान्य. पण आठ वर्षं म्हणालात, ३६ तास नाही, हेही नोंदवून ठेवा.

खडू_फळा
नोंदवलं. आता तुम्हीही एक नोंदवा. वर्षाला किती पोरं घेता, आणि स्टायपेंड किती?

भोसरीकर
दोन. स्टायपेंड... आजवर जेवण आणि बसभाडं. हसू नका.

तिसरं_वर्ष_मेक
हसत नाहीये काका, हिशोब करतेय. फुकटात 'गिऱ्हाइकाचा नकार' शिकवण्यासाठी कामगार मिळतोय तुम्हाला.

भोसरीकर
लागला बरोबर. हेल्परला देतो तेवढे देईन. डिसेंबरच्या सुट्टीत ये, मैत्रिणीला घेऊन. चाळीतला मधला कांदा वरचा न उपसता बाहेर कसा काढायचा, त्याचं काहीतरी लोखंडात करून बघू. लेथ रात्री आठपर्यंत चालू असते. बंद बूट घालून ये, केस बांधून.

तिसरं_वर्ष_मेक
सुट्टी बारा दिवसांची आहे. पुढे ७५ टक्के हजेरी.

खडू_फळा
हजेरीचं मी बघतो. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे, दोन प्रतींत. आणि तिथे एक फोटो काढ, पोर्टलला लागेल.

फॉर्म_नऊ
लोखंडात काही झालं तर कोणाला दाखवायच्या आधी मला कळव. आणि नावं दोनच.