सोसायटी ग्रुप, फोंडा: चहापाणी ११,४०० रुपये

नाईक काका, बी-३०२: सर्वांना नमस्कार. काल वार्षिक हिशेब आला. पान ३ वर ‘चहापाणी ११,४००’. लिफ्टला पैसे नाहीत हे पावसाळ्यापासून ऐकतोय. मग एवढं चहापाणी कोणाचं झालं? बिल टाकावे.

खजिनदार: नमस्कार काका. किरकोळ खर्च आहे. दर वर्षी याच नावाने दाखवतो. मागच्या कमिटीनेही असाच दाखवला होता, तेव्हा कुणी विचारलं नाही.

कामत, ए-१०४: मागची कमिटी म्हणजे मीच ना? मग नाव घेऊन बोला. आमच्या वेळी आकडा याच्या निम्मा होता.

देसाई, बी-१०१: चहा महागला हो कामत! साखर कमी करा, हिशेब जुळेल.

नाईक काका: बिल कुठे आहे?

शिरोडकर वहिनी, ए-२०३: त्यात वॉचमनदादांचा चहा धरला असेल तर आधी काढा. तो आम्ही वहिन्या पाळीपाळीने घरून देतो. आलं ठेचून, दूध थोडं जास्त, स्टीलच्या थर्मासात. पावसात रात्रभर गेटवरच्या पत्र्याखाली बसणाऱ्या माणसाला तेवढाच आधार. तो सोसायटीच्या नावावर लागलेला मला अजिबात चालणार नाही.

खजिनदार: नाही वहिनी, तो धरलेला नाही.

नाईक काका: मग धरलंय काय? बिल कुठे आहे?

कामत: आणि देसाई, विनोद तुम्ही नका करू. मे महिन्यात मुलीकडची मंडळी यायची होती तेव्हा ‘फक्त चहाचा कार्यक्रम’ म्हणून हॉल फुकट घेतलात. नियम काय आहे? चहापान असेल तर भाडं नाही, जेवण असेल तर भाडं. त्या दिवशी तळलेल्या इसवण माशाचा वास आमच्या बाल्कनीपर्यंत येत होता.

देसाई: कामत, माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी ग्रुपवर आणू नका. ‘चहाला येतो’ असा निरोप होता आणि मंडळी पेडण्याहून आली होती. दुपारी एक वाजता दारात आलेल्या माणसांच्या हातात नुसता कप द्यायचा? आमच्या घरात ती पद्धत नाही. भाडं मागितलं असतं तर दिलं असतं.

कामत: मागायला लागू नये म्हणून तर नियम असतात.

वहिनी: विषय निघालाच आहे तर सांगते. मागच्या वाफ्यातला गवती चहा कुणीतरी मुळासकट उपटून नेलाय. पाती कापून न्या, कोण नको म्हणतंय? मूळ ठेवा. परत फुटतो तो.

तनय, सी-२०१: तोही पान ३ वर टाका 😀

मास्तर, सी-१०२: तनय, गवती चहा हे गवत आहे. त्याला चहा म्हणतो ते वास येतो आणि चहात टाकतो म्हणून. खरा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचा. काळा, हिरवा, ऊलाँग सगळे त्याच पानाचे, फरक पान हवेत किती काळं पडू दिलं त्याचा.

तनय: मास्तर, आमच्यात तर ‘टी’ म्हणजे आतली बातमी. आज ग्रुपवर भरपूर आहे.

नाईक काका: बातमी नको. बिल.

मास्तर: काकांचा मुद्दा बाजूला पडू नये म्हणून थोडं लांब लिहितो, राग नसावा. चहापाणी या शब्दात आपण फार गोष्टी कोंबतो. पाहुण्याला विचारतो ते चहापाणी. सभेतला चहा-सामोसा तेही. पाडेली नारळ उतरवून जाताना त्याच्या हातावर ठेवतो तेही. आणि सरकारी टेबलावर फाईल पुढे सरकावी म्हणून देतात, त्यालाही लोक हेच म्हणतात. पहिली तीन माणुसकीची. चौथी लाच. चारही एकाच ओळीत आली की वाचणाऱ्याला चौथीचाच संशय येतो, आणि तो येणारच.
१६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. चहा त्यांना नकोसा झाला नव्हता. आम्हाला न विचारता कर का बसवला, हे भांडण होतं. इथेही काकांना कुणाच्या कपाचं वाईट वाटलेलं नाही.

देसाई: मास्तर, बोस्टन राहू दे, फोंड्यात या.

कामत: मास्तर बरोबर बोलले. महाराष्ट्रात अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार चहापानाला बोलावतं आणि विरोधक बहिष्कार घालतात. खर्चाची फोड मिळेपर्यंत रविवारच्या सभेच्या चहावर माझा बहिष्कार.

गावडे, सी-३०३: बिल ना जाल्यार ना म्हूण सांगात. इतलो बोवाळ कित्याक?

नाईक काका: मीही तेच विचारतोय. बिल कुठे आहे?

खजिनदार: घ्या फोड. वार्षिक सभेचा चहा-सामोसा ३,२००, बिल आहे, फोटो टाकतो. चवथीला कचरा गाडीवाले आणि झाडूवाल्या बायकांना बक्षिसी ४,०००, सह्या घेतल्या आहेत. टाकी साफ करणारे आणि पाडेली यांना वर्षभराचा चहा-नाश्ता २,७००, वहीत नोंद आहे. राहिले १,५००.

नाईक काका: आणि ते?

खजिनदार: गेटबाहेरची पाइप फुटली तेव्हा काम लवकर व्हावं म्हणून दिले. पावती मिळत नाही अशा गोष्टीची. तीन दिवस पाणी नव्हतं तेव्हा सगळे मलाच फोन करत होते, तुम्हीसुद्धा काका.

वहिनी: लहान मुलं घरात होती, टँकर मिळत नव्हता. मला खजिनदारांचा राग नाही येत. पण माझ्या थर्मासातल्या चहाला आणि त्या १,५०० ना एकच नाव नको.

मास्तर: एवढंच म्हणणं आहे. सभेचा खर्च, बक्षिसी, कामगारांचा नाश्ता अशी तीन शीर्षकं करा. चौथं नको. पुढच्या वेळी कुणी मागितले तर कमिटीने एकट्याने निस्तरू नये, ग्रुपवर लिहा. आपण दहाजण जाऊन लेखी तक्रार देऊ. मी येतो.

नाईक काका: ९,९०० मान्य. चवथीची बक्षिसी कमीच आहे, पुढल्या वर्षी वाढवा, माझी हरकत नाही. १,५०० मान्य नाहीत. माझ्या वर्गणीतून ते गेलेले मला चालणार नाही, पाणी दहा दिवस आलं नसतं तरी.

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी ५ ला हॉलमध्ये सभा. विषय: १) ‘चहापाणी’ शीर्षक बंद करणे २) १,५०० रुपयांचा निर्णय ३) लिफ्ट. सर्वांनी यावे 🙏

कामत: आणि हॉलचं भाडं?

देसाई: घाला अजेंड्यावर. नियम लिहून घ्या एकदाचा, चहा किती वाजेपर्यंत चहा आणि कधीपासून जेवण.

सेक्रेटरी: ४) हॉल. घातलं.