पॅडल रॅकेट: नवीन खेळाडूला गोल की डायमंड?

नवा_सर्व्ह: मंडळी, पॅडल (काचेच्या भिंती असलेल्या कोर्टवरचा टेनिससारखा खेळ) सुरू करून थोडेच महिने झालेत, इतके दिवस क्लबची रॅकेट वापरली, आता स्वतःची घ्यायचीय. माझा पार्टनर आधी टेनिस खेळायचा, तो म्हणतो सरळ डायमंड शेपची कार्बनवाली घे, पॉवर मिळते. पण मला अजून काचेवरून आलेला बॉलच नीट घेता येत नाही. शिवाय कार्बन रॅकेटवरचं ३के, १२के, १८के बघून तर डोकंच गरगरतं. दोघांना एकच मॉडेल चालेल का?

काचेपाशी: डायमंड आत्ता अजिबात नको. तिचं वजन वरच्या टोकाला, स्वीट स्पॉट (जिथे बॉल सगळ्यात छान बसतो ती जागा) पण वर आणि लहान, त्यामुळे बॉल जरा इकडेतिकडे लागला की मनगटाला झटका बसतो आणि बॉल भलतीकडेच जातो. गोल रॅकेटचा बॅलन्स हाताकडे असतो, स्वीट स्पॉट मोठा आणि मधोमध. काचेवरचा बॉल घेताना रॅकेट पटकन खाली न्यावी लागते ना, तिथे हातात हलकी वाटणारीच कामाला येते. फेस फायबरग्लासचा आणि आत सॉफ्ट ईव्हीए फोम बघा, ३५५ ते ३६५ ग्रॅम बहुतेकांना पुरतं. आणि ते के म्हणजे कार्बनच्या एका धाग्यात किती हजार तंतू एवढंच, मोठा आकडा म्हणजे चांगली रॅकेट असं काही नाही, नवीन खेळाडूने तिकडे बघूच नये.

बांदेहा_प्रेमी: +१. फक्त एक, कोपर आधीच दुखत असेल तर हार्ड फोमपासून लांबच राहा, थंडीत तर ईव्हीए अजून कडक होतो. पार्टनर कोणत्या बाजूला खेळतो?

नवा_सर्व्ह: तो डावीकडे, मी उजवीकडे. दोघेही उजव्या हाताचे. कोपर अधूनमधून दुखतं खरं.

बांदेहा_प्रेमी: मग एकच मॉडेल कशाला? डावीकडच्याला मधले बॉल आणि स्मॅश जास्त येतात, त्याला टीअरड्रॉप (गोल आणि डायमंडच्या मधला आकार) द्या, थोडी पॉवर मिळते आणि कंट्रोलही पार जात नाही. डायमंड त्यालाही इतक्यात नको, टेनिसचा मोठा स्विंग इथे काचेजवळ बसतच नाही, तो आधी आखडता घ्यायला शिकू दे. उजवीकडे काम लॉब, व्हॉली आणि रॅली टिकवायचं, तुम्ही डोळे झाकून गोल घ्या. बांदेहा (डोक्यावरून येणारा बॉल जपून कापत मारायचा शॉट) दहापैकी आठ वेळा हवा तिथे पडायला लागला की मग पुढच्या रॅकेटचं बघू.

काचेपाशी: आणि कोपर दुखतंय तर ग्रिप पण तपासा हो! मूळ ग्रिप बहुतेक रॅकेटना बारीकच असते, मग मूठ घट्ट आवळली जाते आणि दुखणं वाढतं. एखादा ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) चढवा, त्याने बॅलन्सही थोडा हाताकडे येतो. घ्यायच्या आधी कुणाची तरी गोल रॅकेट मागून एक पूर्ण मॅच खेळा, नुसती हातात धरून काही कळत नाही.

नवा_सर्व्ह: खूप आभार दोघांचे. गोल, सॉफ्ट, फायबरग्लास पक्कं. पार्टनरला हा धागा पाठवतोय.