चर्चासत्राच्या पुस्तकात छापलेला निबंध नियतकालिकाकडे पाठवला तर ते दुबार प्रकाशन ठरते का?

चाळकरी: सर्वांना नमस्कार. मी कृषी अर्थशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. निफाड आणि येवला तालुक्यांतील २४० कांदा उत्पादक कुटुंबांची पाहणी करून चाळीत साठवलेल्या कांद्याची घट, साठवणुकीचा खर्च आणि विक्रीची वेळ यांचा संबंध मी तपासला आहे. त्यांपैकी पहिल्या १२० कुटुंबांच्या माहितीवर आधारलेला निबंध मी २०२२ मध्ये एका महाविद्यालयातील चर्चासत्रात वाचला होता आणि नोंदणी शुल्क भरलेल्या सर्वांचेच निबंध पुस्तकरूपाने निघाले, त्यात माझाही सहा पानांत छापून आला. पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आहे. आता संपूर्ण २४० कुटुंबांवरचा निबंध इंग्रजीत तयार आहे. साम्य अहवालात, म्हणजे आधीच्या लेखनाशी शब्द किती जुळतात हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात, ८ टक्के आले असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही. जुन्या निबंधाचा उल्लेख करावा, तर तो कुठे आणि किती?

आणखी दोन शंका आहेत. हा इंग्रजी निबंध मी सात महिन्यांपूर्वी एका नियतकालिकाकडे पाठवला होता. पोच मिळाली, पण त्यानंतर दोन स्मरणपत्रे पाठवूनही उत्तर नाही. तो दुसरीकडे पाठवता येईल का? आणि हेच निष्कर्ष शेतकऱ्यांसाठी मराठी मासिकात लिहिले, तर तेही दुबार प्रकाशन होईल का?

निवृत्त संपादक: आधी साम्य अहवालाविषयी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढेच त्या आकड्याचे मोल आहे. सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी पाहते. तुमच्या दोन निबंधांमागे तीच १२० कुटुंबे आहेत हे त्याला कळत नाही. तुमचा पहिला निबंध मराठीत असेल, तर इंग्रजी अनुवादात साम्य जवळजवळ शून्य येईल आणि तरीही दुबार प्रकाशन झालेले असेल. यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये काढलेल्या सूचनेत हे स्पष्ट आहे: स्वतःचेच आधी छापलेले लेखन किंवा आधी वापरलेली माहिती योग्य संदर्भ न देता पुन्हा वापरणे आणि शैक्षणिक लाभासाठी ती नवी म्हणून पुढे करणे स्वीकारार्ह नाही.

आता सात महिन्यांची गोष्ट. उत्तर आले नाही म्हणून निबंध मोकळा होत नाही. करस्पाँडिंग लेखकाने (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने) संपादकांना 'आम्ही हा निबंध मागे घेत आहोत' असे लेखी कळवावे, सहलेखक असल्यास त्यांची संमती जोडावी आणि मागे घेतल्याची पोच हाती आल्यावरच दुसरीकडे पाठवावा. मी संपादक असताना एका समीक्षकाने एक निबंध चार ओळींच्या पत्रासह परत केला होता. तोच निबंध त्याच आठवड्यात दुसऱ्या एका नियतकालिकाकडूनही त्याच्याकडे समीक्षेसाठी आला होता. शीर्षक बदलले होते आणि प्रस्तावना नव्याने लिहिली होती, पण तिसऱ्या तक्त्यात १४.७ च्या जागी ४१.७ पडले होते आणि ती चूक दोन्हीकडे जशीच्या तशी होती. एखाद्या विषयातले जाणकार मोजकेच असतात, त्यामुळे दोन संपादकांचे बोट त्याच नावावर पडणे मुळीच दुर्मीळ नाही. निबंध दोन्हीकडून परत गेला. लेखकाचा हेतू लबाडीचा नव्हता, तो फक्त घाईत होता. पण दोन समीक्षकांचे प्रत्येकी आठ-दहा तास फुकट गेले ते गेलेच.

मराठी मासिकाची चिंता करू नका. शेतकऱ्यांना समजेल असा लेख आणि शोधनिबंध यांचे वाचक वेगळे आणि कामही वेगळे. मात्र मूळ निबंध आधी प्रसिद्ध होऊ द्या आणि लेखात त्याचा उल्लेख करा. संपूर्ण निबंधाचा अनुवाद छापायचा असेल तर गोष्ट निराळी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा दुय्यम प्रकाशनाला वाट ठेवली आहे, पण दोन्ही संपादकांची परवानगी हवी, वाचकवर्ग वेगळा हवा आणि हे आधी कुठे छापले होते हे ठळकपणे सांगायला हवे. अन्य विषयांतही हाच दंडक धरून चालावे.

सांख्यिकी शिकवणारा: संपादकांचे म्हणणे योग्यच आहे, पण नियमामागचे कारण सांगितल्याशिवाय विद्यार्थ्यांना ती नुसती शिस्तीची बाब वाटते. ऑन्डान्सेट्रॉन हे शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवणारे औषध. त्यावरच्या चाचण्यांचा आढावा १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. प्रसिद्ध अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के भाग दुबार निघाला, आणि तो आधीच्या निबंधाचा उल्लेख न करता छापलेला होता. ही दुबार माहिती एकत्रित विश्लेषणात धरली, तर औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगत होती, कारण ज्या चाचण्यांत औषध अधिक गुणकारी दिसले त्याच पुन्हा छापल्या जाण्याचा कल होता.

आता तुमचा कांदा घ्या. उद्या कोणी साठवणुकीतील घटीवरचे सगळे अभ्यास एकत्र करायला बसला, तर त्याला एक १२० कुटुंबांचा आणि एक २४० कुटुंबांचा असे दोन अभ्यास सापडतील. त्याची बेरीज ३६० होईल. प्रत्यक्षात तुम्ही २४० उंबऱ्यांवरच गेला होता. ही चूक त्याची नव्हे, तुम्ही न सांगितल्याची असेल. म्हणून उल्लेख केवळ संदर्भसूचीत नको. नमुना निवड ज्या विभागात सांगता, तिथेच हवा.

विनाअनुदानित: सर्व मान्य आहे, पण हा दोष फक्त विद्यार्थ्याच्या माथी मारू नये. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि चर्चासत्रांतील दोन सादरीकरणे लागत. २०२२ मध्ये यूजीसीने ही सक्ती काढली, पण प्राध्यापकपदाच्या निवडीच्या वेळी छापील निबंध मोजले जातातच. मग शुल्क भरा आणि पुस्तकात या, असा बाजार भरतो. आमच्याकडे एका चर्चासत्रात निबंध पुस्तकात नको, फक्त सारांश घ्या, असे मी सांगितले, तर 'मग प्रमाणपत्र कशाचे देऊ?' असा प्रश्न आला. चाळकरी यांनी पुढच्या वेळी सारांशावरच अडून बसावे. केवळ सारांश किंवा सादरीकरण झाले असेल, तर बहुतेक नियतकालिके त्याला आधीचे प्रकाशन मानत नाहीत. आणि पुस्तकासाठी प्रताधिकाराच्या अर्जावर सही केली होती का, तेही तपासा. केली असेल, तर जुने तक्ते वापरायला प्रकाशकाची परवानगी लागू शकते.

चाळकरी: आपणा तिघांचेही आभार. सही केलेली नाही, अर्जच नव्हता. सोबतच्या पत्रासाठी हा मजकूर लिहिला आहे: 'या संशोधनाचा काही भाग पूर्वी एका चर्चासत्रात सादर करण्यात आला होता.' एवढे पुरेल का?

निवृत्त संपादक: पुरणार नाही. 'सादर करण्यात आला होता' या शब्दांत छापले गेल्याची गोष्ट दडते, आणि 'काही भाग' म्हणजे किती हे संपादकाला कळत नाही. असे लिहा: 'या अभ्यासातील २४० पैकी १२० कुटुंबांच्या माहितीवर आधारित निबंध २०२२ मध्ये चर्चासत्राच्या पुस्तकात प्रसिद्ध झाला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. विक्रीच्या वेळेचे विश्लेषण आणि उर्वरित १२० कुटुंबांची माहिती प्रथमच येथे मांडली आहे.' पुस्तकाचे नाव आणि पृष्ठक्रमांकही द्या. जुना तक्ता जसाच्या तसा घेतला असेल, तर तक्त्याखालीही लिहा. एवढे सांगूनही 'यात नवीन पुरेसे नाही' असे संपादकाने म्हटले, तर तो त्याचा अधिकार आहे. किती टक्के नवे हवे याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही, प्रत्येक नियतकालिकाची सूचनापत्रिका पाहावी लागते. विक्रीच्या वेळेचे विश्लेषण जुन्या निबंधात मुळीच नव्हते ना? तेवढे एकदा पडताळून घ्या.

चाळकरी: पडताळले. जुन्या निबंधात त्यावर एक परिच्छेद होता, पण तक्ता नव्हता. त्यामुळे 'प्रथमच' हा शब्द मी फक्त उर्वरित कुटुंबांपुरता ठेवला आहे आणि विश्लेषण 'विस्ताराने' मांडले आहे असे लिहिले आहे. निबंध मागे घेत असल्याचे पत्र सोमवारी पाठवले होते, त्याला आज उत्तर आले: निबंध मागे घेतल्याची नोंद केली आहे, आणि तो अद्याप कोणत्याही समीक्षकाकडे गेलेलाच नव्हता.