हाडातून अ‍ॅड्रेनलिन: 108 मध्ये ड्रिल हवं की नको?

खाडीकाठचा डॉक्टर: देवगड तालुक्यात प्रॅक्टिस करतो. हृदय बंद पडलेल्या पेशंटची शीर कधी कधी सापडतच नाही. अशा वेळी गुडघ्याखाली नडगीच्या हाडात किंवा खांद्याशी सुई घालून अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून द्यायचं औषध, देता येतं. मज्जेतल्या शिरा दबत नाहीत, औषध रक्तात पोचतं. ती सुई हाडात घालायला बॅटरीवरचं छोटं ड्रिल असतं. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक 108 मध्ये आणि ग्रामीण रुग्णालयात ते हवंच.

सिस्टर, सिंधुदुर्ग: कशासाठी डॉक्टर? 2024 मध्ये ब्रिटनमध्ये सहा हजारांवर पेशंटांचा अभ्यास झाला. 30 दिवसांनी जिवंत किती? आधी हाडातून दिलेल्यांत 4.5 टक्के, आधी शिरेतून दिलेल्यांत 5.1. म्हणजे फायदा नाहीच. डेन्मार्कमध्येही फरक दिसला नाही. त्यात ती सुई महाग, आणि एकदाच वापरायची.

खाडीकाठचा डॉक्टर: सिस्टर, प्रश्न 'आधी कोणतं' हा होता. शीर मिळाली नाही तर शिरेच्या गटालाही हाडाची मुभा होती. आधी शीरच शोधा, माझं काहीच म्हणणं नाही. पण दोनदा टोचून हाती लागली नाही, तर पुढे काय, ते सांगा.

आचऱ्याचो बाबलो: गाडी येयपर्यंत अर्धो तास जाता, पावसात तर विचारूच नका. तोवर छाती कोण दाबणार? ब्रिटनमध्येच 2018 साली अ‍ॅड्रेनलिन आणि नुसतं मिठाचं पाणी यांची तुलना झाली होती. जगले 3.2 विरुद्ध 2.4 टक्के, पण मेंदू धड राहिलेल्यांत म्हणावा तसा फरक नाही. औषधाचंच हे, मग वाट कुठली यावर का भांडता? मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं, हे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना आणि रिक्षावाल्यांना शिकवा. जेटीवर शॉकचं मशीन ठेवा.

पालक, वेंगुर्ला: आणि लहान मुलं? त्यांची शीर मिळणं किती कठीण!

सिस्टर, सिंधुदुर्ग: मुलांचं मान्य. पण तिथे हाताने फिरवायची साधी सुई चालते, ड्रिल लागत नाही.

खाडीकाठचा डॉक्टर: मोठ्या माणसाचं हाड हाताने भेदून दाखवा एकदा. मग बोलू.

आचऱ्याचो बाबलो: तुमचा ठरूंदे. रविवारी शाळेचो हॉल मोकळो आसा, चावी माझ्याकडे. छाती दाबूची बाहुली कोण आणता?