खंड्याची निळी पाठ गंजतेय, काय करू?

सागरकडेची:
नमस्कार मंडळी. घर देवगडला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्या काकांकडे दोन वर्षं दर रविवारी जाऊन वेल्डिंग शिकले आणि गेल्या दिवाळीत पहिला पक्षी केला, पांढऱ्या छातीचा खंड्या. आमच्या विहिरीच्या कठड्यावर रोज एक येऊन बसतो, त्याला बघून.

१६ गेजचा एमएस (म्हणजे साधा लोखंडी) पत्रा, चोच जुन्या कानशीची, छातीला आईचा स्टीलचा डाव कापून लावला. (आई अजून डाव शोधतेय.) पाठीला रंग दिलाच नाही. पॉलिश पेपरने घासून गॅसच्या टॉर्चवर तापवली. आधी वाळक्या गवताचा पिवळा आला, मग जांभळा, आणि मग असा निळा उतरला की टॉर्च बाजूला घ्यायचंच विसरत होते. जरा उशीर झाला असता तर सगळं राखाडी. डोकं मुद्दाम कोरं सोडलं. खऱ्या खंड्याचं डोकं तपकिरीच असतं, गंजू दे म्हटलं.

पण डोकं कुठे संपतं ते गंजाला कोण सांगणार? स्प्रेच्या क्लिअर लॅकरचे दोन हात मारूनही ऑगस्टपर्यंत पाठीवर, लॅकरच्या खालून, वाळवीच्या वाटांसारख्या रेघा पसरल्या. डावाच्या कडेला सगळ्यात जास्त. पोटातून तांबडं पाणी ठिबकतं. निळा परत आणून टिकवता येईल का? ऑइलपेंट मारा म्हणू नका, ते काकांचं सांगून झालंय.

घणकरी:
ताई, तो निळा म्हणजे रंग नव्हे. साधारण ३०० अंशांना पत्र्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, त्याच्या जाडीमुळे डोळ्याला निळा दिसतो. खाऱ्या वाऱ्यापुढे तो काय टिकणार? आणि लॅकरखाली रेघा म्हणजे मीठ आधीच बसलेलं. घासल्यावर एखादी रात्र तशीच गेली असेल. कडा गोल केल्या होत्या का? धारेवर कुठलाही लेप पातळच बसतो.

डावाचं वेगळं. स्टेनलेसला एमएस चिकटलेलं आणि वर खारं पाणी, की एमएस खाल्लं जातं आणि डाव चकचकीत राहतो.

सगळ्यात आधी पोटाला खालून ६ मिमीचं भोक पाडा. त्याशिवाय टॉर्च लावू नका. आत पाणी आहे, बंद पोट तापलं तर वाफेने फुटेल.

मग पक्षी घरात घ्या. पाठ पांढरी होईतो घासा, गोड्या पाण्याने धुवा, लगेच सुकवून निळा आणा, आणि पत्रा हाताला जेमतेम सोसेल इतका गरम असताना मधमाशीचं मेण चोळा. दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा. विहिरीवर ठेवायला दुसरा करा, ३१६ स्टेनलेसचा. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे ते नेहमीच्या ३०४ स्टेनलेसपेक्षा बरं टिकतं. पण एमएसवर फिरवलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश त्याला लावू नका, लोखंडाचे कण रुतून तेही ठिपके धरतं. आणि चिडू नका, त्याचा निळा डब्यातलाच हवा. तापवून आणलात तर स्टेनलेसही गंजापुढे कमजोर पडतं.

रानभूल:
एवढं कशाला, जीआय पत्रा घ्या, जस्त चढवलेला. आमच्या गोठ्याला १५ वर्षं झाली.

घणकरी:
गोठ्याला ठीक आहे दादा. जीआय टॉर्चवर धरला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. मी एकदा बंद शेडमध्ये दिवसभर वेल्डिंग केलं, रात्री हुडहुडी भरून ताप. शिवाय जस्तावर हा निळा चढतच नाही.

सागरकडेची:
भोक पाडलं. पाव वाटी तांबडं पाणी निघालं आणि एक मुंगळा. धुवायला रात्र मध्ये गेली होती, बरोबर ओळखलंत. डोक्याचा गंज ठेवला तर मेण त्यावर चालेल ना?

घणकरी:
चालेल. सुटा गंज झाडून घ्या. मेणाने गडद होईल, खंड्याला शोभेल.

सागरकडेची:
रविवारी करते. घरात आणल्या आणल्या आईला डाव सापडला.