उ: आधी अभ्यास की आधी साक्ष?

वर ताईंनी विचारलंय, पुरता अभ्यास झाल्याशिवाय दुसऱ्याला बायबलचं वचन सांगावं का, म्हणजे साक्ष द्यावी का? बायबलमधलं एज्रा 7:10 काढून बघा. एज्राचा क्रम असा: नियमशास्त्राचा (देवाच्या नियमांचा) अभ्यास, मग तसं वागणं, मग इस्राएलाला शिकवणं. क्रम पक्का आहे, पण 'पुरता' अभ्यास तिथे कुठेच नाही. आणि मधली पायरी आपण सगळे (मीसुद्धा) हळूच गाळतो.

आमचे मामा शरणपूर रोडला हातगाडीवर द्राक्षं विकायचे. पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवलेली असायची. एका रविवारी चर्चमध्ये नीतिसूत्रे 11:1 वाचलं गेलं, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. सोमवारी त्यांनी नखाने ती गोळी खरवडली. शेजारच्या गाडीवाल्याने विचारलं, तेव्हा त्यांना त्या एका ओळीपलीकडे काही सांगता आलं नाही. तेवढीच सांगितली.

आणि हे नाशिकला नवं नाही हो. इथल्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट 1873 साली आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनसोबत होता. साहेब वारल्यावर दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली. पाळक (चर्चचा धर्मगुरू) नव्हता, वाचता येत होतं.

ताई, शेजारणीला सांगायचंच असेल तर या आठवड्यात जे वचन तुम्हाला टोचलं, तेच सांगा. बायबलच्या शेवटच्या, गूढ अशा प्रकटीकरणाच्या पुस्तकापासून मात्र सुरुवात करू नका!