थायमस काढली तर टी पेशी कुठे घडतात?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): भाचीच्या हृदयाचं ऑपरेशन मिरजेत झालं. हृदयापर्यंत पोचायला थायमसचा (छातीत हृदयापुढे असलेल्या ग्रंथीचा) बराच भाग काढावा लागला. आता तिच्या टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कुठून येणार? ताईला काय सांगू?

उत्तर (कऱ्हाड): दादा, उरलेला तुकडा काम करत राहतो, आणि आधीच्या टी पेशी विभागून वाढतात. थायमस नीट न घडणाऱ्या 'न्यूड' उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातही टी पेशी सापडतात, विशेषतः गॅमा-डेल्टा नावाच्या एका उपप्रकारच्या. २०१२ साली माणसाच्या टॉन्सिलमध्येही टी पेशी घडण्याचे टप्पे दिसले. मला हे फार विलक्षण वाटतं. तरी हा आधार तोकडा. मुख्य जागा थायमसच.

प्रश्नकर्ता: मग लसी?

उत्तर (मिरज): थांबवू नका. फक्त जिवंत लसींआधी (ज्यात दुर्बळ केलेले जिवंत जंतू असतात) डॉक्टरांना ऑपरेशनचे कागद दाखवा.